सरकणारे वाळवंट आणि झाडाचा मालक

यवतमाळकडच्या आमच्या शेताच्या धुऱ्यावर सागाचा एक जुना खुंट होता. दर पावसाळ्यात त्याला फुटवे यायचे आणि दर वर्षी माझे मोठे वडील ते विळ्याने छाटून टाकायचे. मी तेव्हा आठवी-नववीत असेन. एकदा न राहवून विचारले, "मोठे बाबा, एखादा फुटवा ठेवला तर झाड नाही का होणार?" हातातले काम न थांबवता ते म्हणाले, "सागाचं झाड मोठं झालं का ते आपलं रायत नाई बापू, सरकारचं होते."

कायद्याने पाहिले तर हे खरे नव्हते. झाड शेतकऱ्याचेच होते. पण वृक्षतोडीचे नियमन करणारा कायदा आपल्या राज्यात १९६४ पासून आहे, साग त्याच्या यादीत आहे आणि स्वतःच्या शेतातला साग तोडायलाही परवानगी लागते. ती मिळवण्यासाठी मोठ्या वडिलांनी पूर्वी एकदा कचेरीच्या इतक्या खेपा घातल्या होत्या, की झाड वाढूच न देणे हा त्यांना सोपा मार्ग वाटत होता. झाडे राखण्यासाठी केलेला कायदा आमच्या धुऱ्यावर झाडाच्या विरोधात काम करत होता.

हे सगळे मी विसरून गेलो होतो. ते आठवले ते पश्चिम आफ्रिकेतल्या नायजर या देशाविषयी वाचताना. मी विद्यापीठात शिकवणारा माणूस नाही आणि आफ्रिकेत मी पाऊलही ठेवलेले नाही. आरेखक म्हणून नकाशे काढण्यात नोकरीची वर्षे गेली. इंग्रजी शब्दकोश शेजारी ठेवून जे वाचता आले ते वाचत गेलो. पण नकाशावरची रेषा कशी येते, ती कोण काढतो आणि ती काढल्यावर जमिनीवरच्या माणसाचे काय होते, हे मला थोडेफार ठाऊक आहे. या लेखाचा विषय अशीच एक रेषा आहे: सहारा वाळवंटाची दक्षिणेकडची कड.

वनाधिकाऱ्याचा दौरा

सहाराच्या दक्षिणेला, अटलांटिकपासून तांबड्या समुद्रापर्यंत, कोरड्या गवताळ प्रदेशाचा एक लांब पट्टा आहे. त्याला साहेल म्हणतात. अरबीत या शब्दाचा अर्थ किनारा. वाळवंट हा समुद्र मानला तर हा त्याचा काठ. पाऊस इथे तीन-चार महिनेच पडतो आणि तोही एका वर्षी पुष्कळ, दुसऱ्या वर्षी जवळजवळ नाही, असा. बाजरी, ज्वारी, चवळी ही पिके. मराठवाड्यातल्या किंवा माणदेशातल्या माणसाला हे फार परके वाटणार नाही.

हा किनारा दरवर्षी दक्षिणेकडे सरकतो आहे आणि सुपीक आफ्रिका गिळतो आहे, ही समजूत गेल्या शतकात जगभर पसरली. ती पसरवणाऱ्यांमध्ये एक नाव आपल्याकडचे निघाले. ई. पी. स्टेबिंग हे भारतीय वनसेवेतले ब्रिटिश अधिकारी. देहरादूनला त्यांनी जंगलांच्या कीटकांवर काम केले, पुढे एडिनबरा विद्यापीठात वनशास्त्राचे प्राध्यापक झाले आणि भारतातल्या जंगलांचा तीन खंडांचा इतिहास लिहिला. १९३४ च्या आरंभी त्यांनी पश्चिम आफ्रिकेचा दौरा केला आणि १९३५ मध्ये लंडनच्या भूगोलविषयक नियतकालिकात लेख लिहिला. त्याचे सांगणे असे, की सहारा पुढे येत आहे, पश्चिम आफ्रिकेच्या वसाहती धोक्यात आहेत, याला फिरती शेती, चराई आणि वणवे कारणीभूत आहेत आणि वाळवंट थोपवायला जंगलाचा लांबलचक पट्टा उभारला पाहिजे.

स्टेबिंग फिरले ते कोरड्या ऋतूत. आपल्याकडे एप्रिलमध्ये एखाद्या परदेशी पाहुण्याला दुष्काळी तालुक्यातून फिरवून आणले तर तोही असेच काहीतरी लिहील. या लेखामुळे खळबळ उडाली आणि १९३६-३७ मध्ये इंग्रज व फ्रेंच वनाधिकाऱ्यांचा एक संयुक्त आयोग नायजर-नायजेरियाच्या सीमाभागात फिरला. वाळवंट मोठ्या प्रमाणावर पुढे सरकत असल्याचा पुरावा त्यांना मिळाला नाही. आयोगाचे सदस्य ब्रिनमोर जोन्स यांनी १९३८ मध्ये त्याच नियतकालिकात तसे लिहिलेही. पण भीतीची बातमी जितकी लांब जाते तितका तिचा खुलासा जात नाही. सरकणाऱ्या सहाराची कल्पना मागे राहिली.

दोन नकाशे, एक वजाबाकी

१९६८ पासून साहेलमध्ये सलग काही वर्षे पाऊस कमी झाला. गुरे लाखांनी मेली, माणसेही मेली. या दुष्काळानंतर १९७५ मध्ये ह्यू लॅम्प्री या परिस्थितिकीतज्ज्ञांनी सुदानच्या उत्तर भागाची विमानातून आणि जमिनीवरून पाहणी केली. त्यांना दिसलेली वनस्पतींची सीमा आणि १९५८ च्या नकाशावरची सीमा यांत ९० ते १०० किलोमीटरचे अंतर होते. मधली १७ वर्षे. भागाकार केला की वर्षाला साडेपाच किलोमीटर. हा आकडा पुढे अहवालांत, भाषणांत आणि शाळेच्या पुस्तकांत फिरत राहिला.

यातली अडचण कोणत्याही आरेखकाच्या लक्षात येईल. १९५८ च्या नकाशावरची रेषा मुख्यतः पावसाच्या सरासरीवरून ओढलेली होती. १९७५ ची रेषा डोळ्यांनी पाहून ठरवलेली. दोन वेगळ्या मापांनी काढलेल्या रेषांची वजाबाकी करता येत नाही. शिवाय पहिला नकाशा १९५० च्या दशकातल्या चांगल्या पावसानंतरचा आणि दुसरी पाहणी दुष्काळानंतरची. स्वीडनमधल्या लुंड विद्यापीठाच्या संशोधकांनी १९८० च्या दशकात सुदानमध्ये जाऊन आणि उपग्रहाची चित्रे तपासून पाहिले, तेव्हा असा सतत पुढे येणारा वाळवंटाचा मोर्चा त्यांना सापडला नाही.

१९९१ मध्ये कॉम्प्टन टकर आणि सहकाऱ्यांनी हवामान उपग्रहांच्या माहितीवरून १९८० ते १९९० या प्रत्येक वर्षाची सहाराची कड मोजली. १९८० मध्ये सहाराचे क्षेत्र सुमारे ८६ लाख चौरस किलोमीटर होते, तर १९८४ च्या भीषण दुष्काळात ते जवळजवळ १ कोटीपर्यंत गेले. पुढच्या एकाच वर्षात दक्षिणेची कड ११० किलोमीटर उत्तरेला मागे हटली, कारण पाऊस आला. म्हणजे वाळवंटाची कड भरती-ओहोटीसारखी मागेपुढे होते. दोनच वर्षे निवडून वजाबाकी केली, तर हवे ते उत्तर काढता येते.

याचा अर्थ साहेलमध्ये जमीन खराब झालीच नाही, असा नव्हे. ठिकठिकाणी ती झाली, वाऱ्याने माती गेली, झाडे गेली. पण वाळवंट बाहेरून चाल करून येते आहे, असे मानले की उपाय भिंतीचा सुचतो. जमीन आतूनच जागोजागी झिजते आहे, असे मानले की त्या त्या जागी काय घडते, हे तिथल्या माणसाला विचारावे लागते.

झाड सरकारचे

स्टेबिंग यांचा लेख आला त्याच वर्षी, म्हणजे १९३५ मध्ये, फ्रेंच पश्चिम आफ्रिकेसाठी वनांविषयीचा एक हुकूमनामा निघाला. संरक्षित वृक्षांची यादी झाली. त्यांना हात लावायचा तर परवाना हवा, नाहीतर दंड. शेतात उभे असलेले झाडही यातून सुटले नाही. १९६० मध्ये नायजर स्वतंत्र झाला, १९७४ मध्ये नवा वनकायदा आला, पण चौकट बरीचशी तीच राहिली. गावकऱ्यांच्या लेखी वनरक्षक म्हणजे दंडाची पावती फाडणारा माणूस.

यामागचे गृहीत सरळ होते: शेतकरी हा झाडाचा शत्रू आहे, म्हणून त्याच्यापासून झाड वाचवले पाहिजे. शेतकऱ्याने काय केले? पेरणीआधी शेत साफ करताना उगवणारा प्रत्येक फुटवा कापून जाळला. झाड मोठे झाले की ते आपले राहत नाही, हे त्यालाही कळत होते. नायजरमधल्या त्या अनोळखी शेतकऱ्याच्या जागी मला माझे मोठे वडील दिसले ते इथे.

एकीकडे असा दंड आणि दुसरीकडे वृक्षारोपण. दुष्काळानंतर परदेशी मदतीतून रोपवाटिका निघाल्या, लाखो रोपे लावली गेली. त्यांतली बहुतेक मेली. रोपे परक्या जातींची होती, त्यांना पाणी घालायला कोणी नव्हते आणि ती ज्यांच्या शेतात लावली त्यांना ती सरकारचीच वाटत होती.

जमिनीखालचे जंगल

नायजरच्या दक्षिणेला मराडी नावाचा प्रांत आहे. १९८० च्या सुमारास टोनी रिनाउडो हा तरुण ऑस्ट्रेलियन कृषितज्ज्ञ तिथे एका मिशनरी संस्थेच्या वृक्षारोपणाच्या कामावर आला. लावलेली रोपे मरताना पाहून तो खचला होता. १९८३ मध्ये रोपांनी भरलेली गाडी वाळूत रुतू नये म्हणून चाकांतली हवा कमी करायला तो उतरला. समोर नेहमीचे एक खुरटे झुडूप दिसले. जवळ जाऊन पाने पाहिली, तर ते झुडूप नव्हते. तोडलेल्या झाडाच्या खुंटाला आलेले ते फुटवे होते. चहूकडे अशी लाखो झुडपे होती. वर झाड दिसत नसले तरी खाली मुळे जिवंत होती.

पद्धत अगदी साधी आहे. पेरणीआधी सगळे फुटवे न कापता खुंटावरचे तीन-चार जोमदार, सरळ फुटवे निवडायचे. बाकीचे काढायचे आणि ठेवलेल्यांच्या खालच्या फांद्या छाटायच्या. मूळ खोल आणि तयार असल्यामुळे फुटवा रोपापेक्षा कितीतरी वेगाने वाढतो. रोपवाटिका नको, पाणी नको, खर्च काय तो मेहनतीचा. छाटलेल्या फांद्यांचे सरपण पहिल्याच वर्षी हाती येते. जाती तिथल्याच. त्यांतली एक आपल्या आपट्याच्या नात्यातली आहे, तशीच दोन दलांची पाने असलेली. तिच्या शेंगा आणि पाने गुरांना चालतात. दुसरी गाओ नावाची बाभूळकुळातली. ती पावसाळ्यात पाने गाळते आणि कोरड्या दिवसांत हिरवी होते. त्यामुळे तिच्याखालच्या बाजरीला ऊन मिळते, पानांचे खत मिळते आणि उन्हाळ्यात जनावरांना सावली व चारा.

पेरणीच्या दिवसांत साहेलमध्ये जोराचे वारे वाहतात आणि उडती वाळू कोवळी बाजरी कापून किंवा गाडून टाकते. उघड्या शेतात दोन-तीनदा पेरावे लागते. शेतात झाडे असली की वारा अडतो आणि पुष्कळदा एका पेरणीत भागते. ज्याने दुबार पेरणीचे बियाणे उधारीवर आणले आहे, त्याला याचे मोल वेगळे सांगायला नको.

सुरुवातीला लोक हसले. ज्यांनी फुटवे राखले त्यांचे रातोरात कोणीतरी तोडूनही नेले. १९८४ चा दुष्काळ पडला तेव्हा धान्याच्या बदल्यात काम म्हणून अनेक गावांत फुटवे राखायला लावले गेले. दुष्काळ संपल्यावर पुष्कळांनी ते पुन्हा कापले, काहींनी ठेवले. निर्णायक ठरली ती दुसरी गोष्ट. मराडीतल्या वनखात्याने आपल्या शेतातली राखलेली झाडे वापरणाऱ्या शेतकऱ्यांना दंड करणे सोडून दिले. आधी अंमल सैल झाला, कायदा मागाहून आला: १९९३ मध्ये ग्रामीण संहितेची तत्त्वे जाहीर झाली आणि जमिनीबरोबर तिच्यावरच्या झाडाकडे पाहण्याची दृष्टीही बदलू लागली. शेतकऱ्याला झाड आपले वाटले, तेव्हा त्याने ते ठेवले.

कोणाला न दिसलेली हिरवाई

पुढची वीस वर्षे हे शेतातून शेतात, पाहुण्यारावळ्यांकडून आणि बाजारातल्या गप्पांतून पसरत गेले. त्याचा एकूण विस्तार राजधानीत किंवा परदेशात कोणाच्या ध्यानात आला नव्हता. २००५-०६ च्या सुमारास नियामे विद्यापीठातले महामान लारवानू, डच भूगोलतज्ज्ञ ख्रिस रेइ आणि अमेरिकेच्या भूवैज्ञानिक सर्वेक्षण संस्थेतले ग्रे टॅपन यांनी हा प्रदेश पिंजून काढला. टॅपन यांनी १९५० आणि १९७० च्या दशकांतली विमानातून घेतलेली छायाचित्रे आणि नवी उपग्रहचित्रे शेजारी ठेवली. एकाच जागेची, एकाच पद्धतीने, झाड न् झाड मोजत केलेली ही तुलना होती. लॅम्प्रींच्या रेषेत जे नव्हते, ते इथे होते.

मराडी आणि झिंदर या प्रांतांत मिळून सुमारे ५० लाख हेक्टर शेतजमिनीवर झाडे वाढलेली निघाली. हेक्टरी ४० झाडे धरून त्यांनी एकूण २० कोटी झाडांचा अंदाज बांधला. वर्षाला सुमारे ५ लाख टन जास्तीचे धान्य यामुळे पिकते, असाही त्यांचा अंदाज आहे. हे अंदाजच आहेत, मोजून दिलेला हिशेब नव्हे. १९९० नंतर पाऊसही सुधारला होता, तेव्हा सगळे श्रेय फुटव्यांना देता येणार नाही. पण नुसत्या पावसाने हे झाले असते, तर वस्ती नसलेल्या माळावर जास्त झाडे दिसायला हवी होती. दिसली ती दाट वस्तीच्या, कसल्या जाणाऱ्या शेतांत.

माणसे वाढली म्हणजे जमीन संपलीच, या समजुतीला धक्का देणारे हे पहिले उदाहरण नव्हते. केनियातल्या माचाकोस जिल्ह्याची गोष्ट अभ्यासकांना ठाऊक आहे. १९३० च्या दशकात इंग्रज मृदासंधारण अधिकाऱ्यांनी हा जिल्हा वाळवंट होण्याच्या वाटेवर असल्याचे लिहिले. उपाय म्हणून कांबा लोकांची गुरे जबरदस्तीने जप्त करून विकायला सुरुवात झाली. १९३८ मध्ये मुइंदी म्बिंगू यांच्या पुढाकाराने हजारो बायका-पुरुष नैरोबीपर्यंत चालत गेले आणि गव्हर्नरची भेट मागत तळ ठोकून बसले. जप्ती थांबवावी लागली. म्बिंगू यांना मात्र दूर लामूला हद्दपार केले गेले.

मेरी टिफेन, मायकेल मॉर्टिमोर आणि फ्रान्सिस गिचुकी यांनी १९९४ मध्ये या जिल्ह्याचा साठ वर्षांचा इतिहास प्रसिद्ध केला. १९३० ते १९९० च्या दरम्यान लोकसंख्या जवळजवळ सहापट झाली होती, पण मातीची धूप कमी झाली होती, झाडे वाढली होती आणि दरडोई शेती उत्पन्न सुमारे तिप्पट झाले होते. सरकारने सक्तीने बांधायला लावलेले अरुंद बांध लोकांनी टाकून दिले. त्याऐवजी चर खणून त्याची माती उताराच्या वरच्या बाजूला टाकायची, हळूहळू शेताच्या पायऱ्या होऊ द्यायच्या, ही पद्धत त्यांनी गावोगावच्या श्रमगटांतून, ज्यांत बायकाच अधिक होत्या, स्वतःहून उचलली. पुढच्या अभ्यासकांनी यातली दुसरी बाजूही दाखवली. नैरोबी जवळ होती, कॉफीला भाव होता, घरटी एखादा नोकरीला होता, म्हणून जमिनीत पैसा घालता आला. ज्या घरांत बाहेरचा पैसा आला नाही ती मागे पडली. सुधारणा झाली, पण सगळ्यांची सारखी नाही.

नायजरचेही तसेच आहे. झाडाला मालक मिळाला, पण ज्याला शेतच नाही, त्याने आता सरपण कुठून आणायचे? कोरड्या दिवसांत कळप घेऊन येणाऱ्या फुलानी पशुपालकांचा चाऱ्यावरचा जुना हक्क कोणाच्या खात्यात जातो? शिवाय स्वातंत्र्याच्या वेळी ३५ लाखांच्या आसपास असलेली देशाची लोकसंख्या आता अडीच कोटींच्या वर गेली आहे, आणि जगातल्या सर्वांत गरीब देशांत त्याची गणना अजूनही होते. २००४-०५ च्या टंचाईत ज्या गावांत झाडे होती तिथल्या लोकांनी लाकूड विकून धान्य घेतले आणि तग धरला. फुटव्यांनी गरिबी हटली नाही, पण वाईट वर्ष काढण्याची थोडी ताकद आली.

पुन्हा भिंत

२००७ मध्ये आफ्रिकी संघाने 'महान हरित भिंत' या योजनेला मान्यता दिली. सेनेगलपासून जिबूतीपर्यंत सुमारे ८,००० किलोमीटर लांब आणि १५ किलोमीटर रुंद झाडांचा पट्टा, ही मूळ कल्पना. सत्तर वर्षांपूर्वीचा वनपट्टाच पुन्हा नकाशावर आला होता. २०३० पर्यंत १० कोटी हेक्टर जमीन सुधारण्याचे उद्दिष्ट ठरले. २०२० च्या आढाव्यात नेमून दिलेल्या पट्ट्यात सुमारे ४० लाख हेक्टरांचेच काम झालेले दिसले. नायजरच्या शेतकऱ्यांनी कोणत्याही भिंतीच्या योजनेशिवाय जे केले होते, ते याहून जास्त होते.

चांगली गोष्ट ही, की योजना राबवणाऱ्यांनाही हे उमगले. आता भिंतीपेक्षा शेते, कुरणे आणि झाडे यांच्या गोधडीसारख्या रचनेची भाषा केली जाते. बुर्किना फासोचे याकुबा सावाडोगो यांनी कडक झालेल्या जमिनीत खड्डे घेऊन, त्यांत शेणखत घालून पीक आणि झाडे उभी केली. त्यांना आणि रिनाउडोंना २०१८ मध्ये 'राइट लाइव्हलीहूड' पुरस्कार मिळाला. मात्र पैसे देणाऱ्यांना अजूनही लावलेल्या रोपांचा आकडा आवडतो. राखलेल्या फुटव्यांचा फोटो काढायला मंत्री येत नाहीत.

आपल्याकडेही २०१९ च्या पावसाळ्यासाठी ३३ कोटी रोपे लावण्याचे उद्दिष्ट होते. अशा मोहिमांना माझा विरोध नाही. पण साहेलमधले हे शतकभराचे संशोधन वाचल्यावर, किती झाडे लावली, याच्या आधी मला दोन प्रश्न विचारावेसे वाटतात. इथे जमिनीखाली आधीच काय जिवंत आहे, आणि ते वाढले तर कोणाचे होणार आहे?

आमच्या धुऱ्यावरचा तो सागाचा खुंट वाटणीच्या वेळी मुळासकट निघाला. मोठे वडीलही गेले. झाडाशी वैर असलेला माणूस, असे मी त्यांना मनातल्या मनात बरीच वर्षे ठरवून टाकले होते. ते चुकीचे होते. उन्हाळ्यात घरामागच्या कडुनिंबाला न्हाणीचे पाणी वळवून देणारेही तेच होते. कडुनिंब त्यांचा स्वतःचा होता.